बसऱ्याच्या भिंतीवर नाव नाही, आकडा आहे

आजचा भाग तळेऱ्यात घरी बसून रेकॉर्ड केलाय. मध्येच हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न वाजला तर समजून घ्या, फाट्यावर राहणाऱ्या माणसाला पर्याय नाही.

बेल्जियममध्ये ईप्र नावाचं लहानसं शहर आहे. तिथे मेनिन गेट नावाची एक भलीमोठी कमान आहे, तिच्याखालून साधा, रोजचा रस्ता जातो. रोज रात्री बरोबर आठ वाजता पोलीस तो रस्ता बंद करतात. बिगुल घेतलेली गावातलीच माणसं मधोमध उभी राहतात आणि ‘लास्ट पोस्ट’ वाजवतात. सैन्यात मेलेल्याला निरोप देतात, ती धून. हे १९२८ पासून चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शहर घेतलं तेव्हा तिथे चार वर्षं खंड पडला. ६ सप्टेंबर १९४४ ला शहर सुटलं, त्याच संध्याकाळी बिगुल परत वाजला.

माझ्या युरोप ट्रिपची ती शेवटची संध्याकाळ होती. तिकीट नाही, बुकिंग नाही, जायचं आणि उभं राहायचं. शाळेच्या सहलीची पोरं होती, व्हीलचेअरवरचे म्हातारे होते. बिगुल थांबल्यावर एक मिनिट सगळे गप्प. मी मात्र त्या मिनिटात भिंती वाचत होतो. ५४ हजारांवर नावं कोरलीत तिथे. ही अशी माणसं, ज्यांचं प्रेत सापडलं नाही किंवा ओळखता आलं नाही. त्यांत काही शे भारतीय आहेत. मी शोधत होतो सावंत, राणे, परब, तावडे. आपण कुठेही गेलो तरी आधी आपलं आडनाव शोधतो ना, तसंच.

सापडलं नाही. आणि त्याला कारण आहे.

पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या सप्टेंबरअखेर भारतीय फौज मार्सेय बंदरात उतरली. त्या फौजेत मराठा पलटणी नव्हत्याच. आपली माणसं होती ती खडकीच्या सॅपर्समध्ये. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, खंदक खणणारा, सुरुंग लावणारा सैनिक. २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समधल्या नव शापेल गावावर हल्ला झाला, तेव्हा या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांना ४७ व्या शीख पलटणीसोबत पायदळासारखं पुढे सोडलं. घराघरांत हातघाई झाली. दोन्ही कंपन्यांचा एकही इंग्रज अधिकारी धड उरला नाही. कारागिराला असं वापरायचं, हा मला शुद्ध उधळेपणा वाटतो. त्याच नव शापेलला १९२७ साली भारतीयांचं स्मारक उभं राहिलं. मधे कमळाच्या शेंड्याचा खांब, दोन बाजूंना वाघ आणि गोल भिंतीवर साधारण ४,७०० नावं.

मग कोकणातली पोरं गेली कुठे? मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा हाती आलं, पुढे नदीच्या कडेकडेने बगदादकडे कूच केली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला मार खाल्ला आणि फौज मागे कुत अल-अमारा या गावात येऊन अडकली. ७ डिसेंबरपासून वेढा पडला. धान्य संपत आलं, मग घोडे आणि खेचरं कापायला लागले. धर्मामुळे कितीतरी भारतीय शिपायांनी ते मांस खाल्लं नाही, जात बाहेर टाकेल ही भीतीही होती. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. आधीच अर्धपोटी असलेल्या शिपायांना वाळवंटातून पायी चालवलं, पुढे रेल्वेच्या कामावर जुंपलं, हजारो मेले. त्यांचा जनरल टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर एका बंगल्यात आरामात राहिला. हे वाचताना आजही डोकं तापतं.

आमच्या शेजारची एक आजी सांगायची, “आमच्या आज्याचो भाव बसऱ्याक गेललो, परत इलो नाय.” एवढंच. कुठे मेला, कधी, काही नाही. घरच्यांसाठी बसरा म्हणजेच सगळं युद्ध.

आता खरी गोष्ट ऐका. बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक झालं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांवर माणसांसाठी. त्या दगडावर ब्रिटिश शिपायाचं नाव आहे. भारतीय अधिकाऱ्याचं आहे. साध्या भारतीय शिपायाचं नाही. पलटणीचं नाव आणि पुढे आकडा, ‘इतके शिपाई’. नाव गेलं वहीत. एकाच गोळीने मेलेल्या दोघांमधला एक नाव झाला आणि दुसरा बेरजेत गेला. आपल्याकडेही गावोगावी इंग्रजांनी लावलेल्या संगमरवरी पाट्यांवर हेच दिसतं: या गावातून इतके युद्धावर गेले, त्यांपैकी इतके मेले. तिथेसुद्धा आकडेच!

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून माफी मागितली. आशिया-आफ्रिकेतल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावं कोरली गेली नाहीत किंवा त्यांची आठवणच ठेवली गेली नाही, असा त्यांचा अंदाज आहे. बसऱ्याचं स्मारक १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने मूळ जागेवरून सुमारे ३० किलोमीटरवर वाळवंटात हलवलं. तिथे रोज आठ वाजता कोण बिगुल वाजवणार?

पण त्या वहीतली नावं आता कमिशनच्या वेबसाइटवर आहेत, मोबाईलवरून फुकट बघता येतात. शोधताना एक लक्षात ठेवा, तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता, तो झाला १ मे १९८१ ला. म्हणून ‘रत्नागिरी’ टाका. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव असतं. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय, त्यामुळे सावंत तीन-चार स्पेलिंगने टाकून बघा, देवगड-मालवणचंही तसंच.

आणि घरात जुन्या ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात एखादं गोल पदक असेल, राजाचं डोकं असलेलं, तर त्याचा चेहरा बघत बसू नका. कड बघा. त्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. घासू नका, अक्षरं जातात. फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. पुढच्या भागात त्यातली काही नावं मोठ्याने वाचू.