मॅकसिमाची वाचलेली प्रत

इंटिग्रेशन म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना इंजिनीअरिंगचं एम-थ्री आठवून पोटात गोळा येतो. त्यांनी देलोने या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची आठवण काढावी. चंद्राच्या कक्षेचं बीजगणित मांडायला त्याने दहा वर्षं घेतली आणि तपासायला आणखी दहा! त्याचे दोन खंड १८६० आणि १८६७ साली निघाले. १९७०च्या सुमारास तेच गणित संगणकाकडून करून घेतलं, तेव्हा देलोनेच्या चुका निघाल्या अगदी मोजक्या.

आकड्यांऐवजी 'एक्स-वाय' तसेच ठेवून गणित करणारी जी सॉफ्टवेअर्स आहेत, त्यांत माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं मॅकसिमा. एंगलमन, मार्टिन आणि मोझेस यांनी ते १९६८ साली एमआयटीत लिस्पमध्ये लिहायला घेतलं. त्याआधी १९६१ साली स्लॅगलने इंटिग्रेशनचा प्रोग्राम केला होता, पण तो आपल्यासारखाच अंदाज बांधत जायचा. मोझेसने अंदाज कमी करून ठरावीक रीती वापरल्या. पुढे रिशच्या पद्धतीने तर नेहमीच्या फंक्शन्समध्ये उत्तर नसेल, तर 'नाही' हेही सिद्ध करता येऊ लागलं.

अडचण एकच, मॅकसिमाला मोठं मशीन लागायचं. म्हणून कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात गेडीस आणि गोने यांनी १९८०मध्ये आटोपशीर मेपल सुरू केलं. १९८८ साली वुल्फ्रमचं मॅथेमॅटिका आलं. दिसायला सगळ्यात देखणं तेच, पण आतला कोड बंद. मेपलची बरीचशी लायब्ररी निदान उघडून वाचता तरी येते. उत्तर कसं आलं ते बघताच येत नसेल, तर त्यावर सिद्धता उभी करायची कशी? मला हा प्रश्न वेगापेक्षा मोठा वाटतो.

मॅकसिमाचे हक्क १९८२ साली लिस्प मशीन विकणाऱ्या सिम्बॉलिक्सकडे गेले आणि धंद्यात ते मागे पडत गेलं. पण एक प्रत अमेरिकेच्या ऊर्जा विभागाकडे होती. टेक्सासमधले गणिताचे प्राध्यापक विल्यम शेल्टर १९८२पासून ती एकहाती सांभाळत राहिले. १९९८ साली त्यांनी ती जीपीएलखाली खुली करायची परवानगी मिळवली. २००१ साली ते गेले, पण तोवर कोड सगळ्यांचा झाला होता. तेच आजचं मॅक्सिमा. २००५ साली स्टाइनने पायथनमध्ये सुरू केलेल्या सेजमध्येही इंटिग्रेशनसाठी मॅक्सिमा कामाला लागतं.

फरक बघायचा असेल तर 'एक्सचा एन-वा घात' इंटिग्रेट करायला सांगा. मेपल आणि मॅथेमॅटिका बिनदिक्कत 'एन अधिक एक'ने भागून मोकळे होतात. मॅक्सिमा मात्र एम-थ्रीच्या खडूस सरांसारखं आधी विचारतं, "एन उणे एक आहे का?"