रत्नसंग्रहाचा छंद : पूर्वपीठिका व आरंभ

‘रत्न’ हा शब्द उच्चारताच मनापुढे राजमुकुट, खजिना अथवा सराफाची पेढी उभी राहते, आणि सामान्य गृहस्थाचा या वस्तूशी संबंध तो काय, असे वाटू लागते. परंतु इतिहास पाहता रत्नांचे संग्राहक दोन प्रकारचे आढळतात : एक रत्ने साठविणारे व दुसरे रत्ने ओळखणारे. पहिल्या मार्गास द्रव्य लागते. दुसऱ्यास केवळ दृष्टी व चिकाटी लागते. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा मार्ग होय.

आपल्या देशात ही विद्या फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात घ्यावयाच्या रत्नांच्या परीक्षेस स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत हिरा, मोती, माणिक व पाचू यांचे गुणदोष सांगितले. पुढे ठक्कुर फेरू याने अल्लाउद्दीन खिलजीचा रत्नभांडार प्रत्यक्ष पाहून, १३१५ मध्ये प्राकृत भाषेत रत्नपरीक्षेवर ग्रंथ रचला. सुलतानाचा तो खजिना आज कोठे आहे? फेरूचा ग्रंथ मात्र अद्याप उपलब्ध आहे.

पाश्चात्त्यांकडेही हेच दिसते. रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो की, पाँपेने मिथ्रिडेटीस राजाचा रत्नसंग्रह रोमच्या कॅपिटॉलमध्ये देवास अर्पण केला. त्यानंतर सुमारे अठरा शतकांनी, १७५३ मध्ये, लंडनचे वैद्य सर हॅन्स स्लोन निवर्तले. त्यांनी जमविलेल्या ७१,००० हून अधिक वस्तूंत रत्ने व खनिजेही होती. त्या संग्रहातूनच ब्रिटिश म्युझियम उभे राहिले व १७५९ मध्ये ते लोकांस खुले झाले. एका व्यक्तीच्या छंदातून केवढी संस्था जन्मास येऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

यात महाराष्ट्राचे स्थान लहान नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून गोमेदासारखे पट्टेदार खडे गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असल्याचा उल्लेख आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून आपला काळा पाषाण बनला. त्यातील पोकळ्यांत अकीक, स्फटिक, स्टिल्बाइट, अपोफिलाइट अशी खनिजे हळूहळू साकळली. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतून निघालेले निळेशार कॅव्हनसाइट तर जगभरच्या संग्राहकांस भुरळ घालते. विहीर खणताना वा खडी फोडताना असे चमकते गोटे निघतात, आणि आपण ते भरावात टाकून मोकळे होतो!

ज्ञानावाचून संग्रह कसा फसवा ठरतो हेही पाहावे. ब्रिटनच्या राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ वस्तुतः माणिक नसून स्पिनेल आहे. मोगलांच्या दरबारी अशा खड्यांस ‘लाल’ म्हणत. ही दोन खनिजे भिन्न असल्याचे १७८३ मध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखविले. पुढे १९०२ मध्ये व्हर्नेय याने भट्टीत माणिक बनविण्याची कृती प्रसिद्ध केली, तेव्हा तर प्रश्न अधिकच बिकट झाला. माझ्या परिचयातील एका घरी वडिलांच्या पश्चात माणकाच्या अंगठीवरून दोघे बंधू वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. अखेर जाणत्याने भिंगातून पाहिले, तो आत वक्र रेषा दिसल्या : खडा भट्टीतला! वडिलांनी तो केव्हा, कोठून व कितीस घेतला याची एक चिठ्ठी ठेवली असती, तर हा तंटा उद्भवताच ना.

म्हणून नवशिक्याने आरंभ खरेदीने न करता वहीने करावा. प्रत्येक खड्यास क्रमांक द्यावा व नाव, स्थळ, तारीख, वजन आणि किंमत यांची नोंद करावी. ज्याचे स्थळ ठाऊक नाही, त्या खड्याचे अर्धे मोल गेलेच. दहापट मोठे दाखविणारे भिंग, एक चिमटा व कापूस घातलेले पुठ्ठ्याचे कप्पे एवढे साहित्य पुरे. प्रथम अकीक, स्फटिक, जमुनिया असे स्वस्त खडे घ्यावेत. पावतीवर वजन कॅरटमध्ये लिहून घ्यावे. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. मोस याने १८१२ मध्ये ठरविलेली काठिण्याची श्रेणी पाठ करावी. परंतु पैलू पाडलेल्या खड्यावर ओरखडा काढून तिची प्रचीती घेऊ नये. हिरा इतरांस ओरबाडतो, म्हणून खडे निरनिराळे ठेवावेत. खाणीत मालकाच्या अनुमतीवाचून पाऊल टाकू नये, आणि लेणी वा किल्ले यांच्या दगडास तर हातही लावू नये. ग्रहपीडेचा विचार ज्याने त्याने आपल्यापुरता करावा. या छंदास त्याची आवश्यकता नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी गावच्या ओढ्याकाठी फिरून पाच-दहा गोटे वेचावेत, वडीलधाऱ्यांनी त्यांस भिंग आणून द्यावे, व प्रत्येक गोट्याखाली गावाचे नाव सुवाच्य अक्षरात लिहवून घ्यावे. द्रव्य खर्च होते, दागिने वाटले जातात. परंतु नोंद केलेला संग्रह व पारखी दृष्टी ही पुढील पिढीच्या हाती अखंड देता येतात. इत्यलम्.