सातपुड्याला वाळवंट म्हणण्याआधी

उन्हाळा लागला की आपल्या मोबाईलवर सातपुड्याचे ड्रोन व्हिडिओ फिरायला लागतात. तोरणमाळचा घाट, अस्तंब्याची सोंड, धडगावकडच्या एकामागे एक डोंगररांगा. एप्रिल-मे महिन्यात वरून बघितलं की सगळं राखाडी-तांबूस, उघडंबोडकं. मागे जोरदार संगीत आणि खाली मथळा: 'नंदुरबारचं वाळवंट'. लाइकही भरपूर पडतात.

व्हिडिओ चांगले असतात, हे आधीच सांगतो. मी स्वतः हौसेखातर २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन घेतलाय आणि बातम्यांच्या धावपळीतून रविवार मोकळा मिळाला की उडवतो. त्यामुळे पोरांच्या हौसेवर टीका करायला ही पोस्ट नाही. मला खटकतो तो 'वाळवंट' हा शब्द. वाळवंट म्हटलं की दोन गोष्टी गृहीत धरल्या जातात. एक, तिथे निसर्गानेच काही दिलेलं नाही. दोन, तिथे कोणी राहत नाही. सातपुड्याबाबत दोन्ही खोटं आहे. आणि डोंगर वरून बघून त्याच्याबद्दल निकाल देऊन टाकायची ही सवय काही ड्रोनबरोबर आलेली नाही. आपल्या खानदेशात ती पावणेदोनशे वर्षं जुनी आहे. आज त्याबद्दलच लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण सवडीने वाचा.

ड्रोनमधून खरोखर काय दिसतं, तिथून सुरुवात करू. आपला हा पट्टा दख्खनच्या लाव्ह्याचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचले, त्यातून हे काळ्या खडकाचे डोंगर झाले. तापीच्या खोऱ्यात वरून बघितलं तर माळरानातून सरळ रेषेत गेलेल्या दगडी भिंती दिसतात. खाली उभं राहिलं की नुसती एक टेकडी वाटते, पण वरून कळतं की ती ओळ कित्येक किलोमीटर साधारण पूर्व-पश्चिम धावतेय. जमिनीच्या भेगांत लाव्हा घुसला, तिथेच घट्ट झाला आणि आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेल्यावर भिंत उरली. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात, आणि 'नंदुरबार-धुळे डाइक समूह' या नावाने त्यांच्यावर जगातल्या मोठ्या नियतकालिकांत लेख आलेत. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? तेव्हा वरून बघण्याचा फायदा आहेच, तो मी नाकारत नाही.

पण वरून 'काय आहे' ते दिसतं. 'का आहे' आणि 'कोणाचं आहे' हे दिसत नाही. आपल्या इतिहासात गडबड झाली ती इथेच.

खानदेश इंग्रजांकडे आला १८१८ साली. सपाटीचा मुलूख हातात आला, पण डोंगरातले भिल्ल काही केल्या ऐकेनात. १८२५ मध्ये आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली, तेव्हा कुठे त्यांचा जम बसू लागला. मग आली जमिनीची मोजणी. १८५२ साली खानदेशात महसुली मोजणी सुरू झाली आणि सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले शेतकरी खवळून उठले. हजारोंचा जमाव मोजणीवाल्यांच्या अंगावर गेला. शेवटी सरकारला लष्कर आणून पुढाऱ्यांना पकडावं लागलं. लोक साखळीला आणि टेबलाला घाबरले नव्हते. त्यांना एवढं पक्कं कळत होतं की एकदा का आपली जमीन त्या कागदावर चढली, की तिच्याबद्दल बोलायचा अधिकार कागदवाल्याकडे जाणार.

सपाटीवरच्या शेतकऱ्याला निदान त्या कागदावर नाव मिळालं, सातबाऱ्याचा पूर्वज मिळाला. डोंगरातल्या माणसाला तेही मिळालं नाही. शेजारच्या डांगमध्ये इंग्रजांनी १८४० च्या दशकात भिल्ल राजांकडून सागाची जंगलं भाड्याने घेतली होती. १८६४ मध्ये वनखातं निघालं, १८७८ मध्ये वन कायदा आला, पुढे १९२७ चा आला. नकाशावर डोंगर हिरव्या रंगाने रंगवला आणि त्यावर लिहिलं 'राखीव वन'. त्या हिरव्या रंगाखाली भिल्ल आणि पावरा समाजाचे पाडे होते, शेतं होती, देवस्थानं होती, मोहाची झाडं घराघरांत वाटून घेतलेली होती. नकाशात त्याला जागाच नव्हती. आज ज्याला सरकारी भाषेत 'अतिक्रमण' म्हणतात, त्यातलं पुष्कळसं त्या रंगकामातून जन्माला आलं.

मग डोंगर बोडका कसा झाला? देशभर रेल्वे वाढली, स्लीपरला लाकूड लागलं. आपल्या नंदुरबारवरून जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास झाली. जंगलात कूप पडायचे, ठेके निघायचे, सागवान खाली उतरायचं. स्वातंत्र्यानंतरही कूपतोड थांबली नाही. लोकसंख्या वाढली तशी गावकऱ्यांनीही शेतीसाठी उतार मोकळे केले आणि चोरटी तोडही झाली, हे लपवून उपयोग नाही. झाड गेलं की उतारावरची माती दोन-चार पावसाळ्यांत वाहून जाते आणि खालचा काळा दगड उघडा पडतो. ड्रोनला दिसतो तो हा दगड. वाळवंट निसर्ग घडवतो. हा डोंगर माणसांनी उघडा केला, आणि त्यातला मोठा वाटा तिथे न राहणाऱ्यांनी नेला.

शिवाय सातपुड्याचं जंगल पानझडीचं आहे. साग उन्हाळ्यात पानं टाकतो, सालई टाकते. मे महिन्यात जो उतार मेल्यासारखा दिसतो, तोच ऑगस्टमध्ये हिरवागार असतो. फक्त मे महिन्यातला व्हिडिओ टाकायचा म्हणजे झोपलेल्या माणसाचा फोटो काढून तो वारला असं सांगण्यासारखं आहे.

आणि माणसं? अस्तंबा घ्या. भूगोलाच्या पुस्तकात उंची १,३२५ मीटर दिलेली असते, बाकी काही नसतं. पण दिवाळीला अश्वत्थाम्याच्या यात्रेसाठी हजारो माणसं रात्री-बेरात्री ती चढण चढतात. ज्या कड्याचा 'ओसाड शिखर' म्हणून व्हिडिओ येतो, त्या कड्याची वाट हजारो पायांनी मळलेली आहे. धडगावचं आमचूर बाजारात येतं ते याच 'वाळवंटातल्या' आंब्यांचं.

वरून बघायचं तंत्र पुढे कसं बदलत गेलं, तेही बघा. १८५८ साली पॅरिसजवळ नादार नावाच्या छायाचित्रकाराने फुग्यात बसून जमिनीचा फोटो काढला. हवेतून काढलेला तो पहिला फोटो मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या एका औषधविक्रेत्याने कबुतरांच्या छातीला कॅमेरे बांधले. महायुद्धांत विमानातून नकाशे झाले. १७ मार्च १९८८ ला भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह गेला आणि आपली शेतं अवकाशातून दिसायला लागली.

यातला प्रत्येक टप्पा आपल्या डोंगरापर्यंत येऊन पोचला. सरदार सरोवराचं पाणी कुठवर चढणार हे ठरलं समान उंचीच्या रेषांवर. नकाशावर रेष ओढली, रेषेखालचं बुडणार, रेषेवरचं राहणार. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं त्या रेषेत आली. मणिबेलीचं नाव जगभर गेलं ते यातूनच. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं. रेष बरोबर होती का चूक, हा वाद इंजिनिअर लोकांचा. पण ज्यांचं घर रेषेखाली होतं त्यांच्यातल्या कित्येकांकडे जमिनीचा कागद नव्हता, कारण त्यांचा डोंगर आधीच हिरवा रंगवून झाला होता. अक्कलकुवा-धडगावच्या ७३ वनगावांना महसुली गावाचा दर्जा मिळावा म्हणून किती वर्षं घासाघीस झाली, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

१९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराजांसारखा माणूस आदिवासींच्या जमिनीसाठी झिजला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप प्रभू खटल्यात तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या वनजमिनीच्या दाव्यांची चौकशी करायला लावली. कागद नसेल तर दुसरा पुरावाही बघा, हा विचार तेव्हा आपल्याच भागातून पुढे आला. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर हक्क मिळेल, असं ठरलं.

आता पुन्हा आकाशातला डोळा आला. २००५ चं उपग्रहचित्र काढायचं, त्यात शेत दिसलं नाही की दावा नामंजूर. गुजरातमध्ये, म्हणजे सागबारा-डेडियापाडा ओलांडून आपल्या बांधालाच लागून, असे दावे मोठ्या संख्येने फेटाळले गेले. अहो, डोंगरउतारावरचं अर्ध्या-पाऊण एकराचं शेत, त्यात मधेमधे राखलेली मोहाची-आंब्याची झाडं. पेरणीनंतर हिरवं, उन्हाळ्यात राखाडी. वरून ते कधी जंगलासारखं दिसतं, कधी पडीक. शेवटी २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला सांगितले. त्याआधी २०१२ मध्ये केंद्राने वनहक्क नियमांत दुरुस्ती करून स्पष्टच लिहिलं की उपग्रहचित्र किंवा इतर तंत्रज्ञान हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा तो घेऊ शकत नाही.

हा नियम प्रत्येकाने पाठ करून ठेवावा असा आहे. याच नियमांत पुरावा म्हणून काय काय चालतं ते वाचा: गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब, घर, बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थान. म्हणजे पाड्यावरच्या म्हाताऱ्याचं बोलणं आणि उपग्रहाचा फोटो हे कायद्यासमोर शेजारी-शेजारी बसतात. १८५२ पासून जे उलटं चाललं होतं, ते निदान कागदावर तरी सरळ झालं. तरीही १३ फेब्रुवारी २०१९ ला फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश आला आणि २८ तारखेला त्याला स्थगिती मिळाली. मधले पंधरा दिवस आपल्या जिल्ह्यात किती घरांत धास्ती होती, ते मी बातमीदार म्हणून जवळून बघितलंय.

म्हणून ड्रोनकडे मी नुसतं खेळणं म्हणून बघत नाही. सरकारही आता ड्रोनने मोजतंय. २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांची मोजणी ड्रोनने होते आणि मालमत्ता पत्रक मिळतं. चांगली योजना आहे. पण पावरा माणसाचं घर त्याच्या शेतात असतं, शेजाऱ्याचं घर पुढच्या टेकाडावर. अशा विखुरलेल्या पाड्यात गावठाण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे वरून कोण ठरवणार? ते गावालाच विचारावं लागेल.

ड्रोन उडवणाऱ्या मित्रांना एक तांत्रिक गोष्ट माहीत असेलच. आपले हौशी ड्रोन उंची मोजतात ती उडवलेल्या जागेपासून. कड्यावरून सोडला आणि पुढे दरी आली, तर स्क्रीनवर १०० फूट दिसतात, पण खाली जमीन हजार फुटांवर असते. तुम्ही कुठे उभे आहात त्यावर तुमचा आकडा ठरतो. डोंगराच्या इतिहासाचंही अगदी तसंच झालंय.

आणि हे यंत्र योग्य हातात गेलं तर काय दाखवू शकतं, तेही सांगतो. साक्री तालुक्यातलं बारीपाडा आपल्यापासून लांब नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथला डोंगरही असाच उजाड होता. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नियम केले, राखण केली, कुऱ्हाड थांबवली. आज तिथे शेकडो एकर जंगल उभं आहे आणि २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. तेव्हाचा बारीपाड्याचा वरून काढलेला व्हिडिओ कोणाकडे असता आणि त्याखाली 'वाळवंट' लिहिलं असतं, तर आज लिहिणाऱ्याने तो गुपचूप काढून टाकला असता.

तर ड्रोनवाल्या मित्रांनो, माझी विनंती एवढीच. २०२१ चे ड्रोन नियम पाळा, डिजिटल स्कायच्या नकाशात हिरवा झोन आहे का बघा, ४०० फुटांच्या आत राहा, राखीव वनात वनखात्याला विचारा. आणि पाड्यावर उडवण्याआधी पाड्याला विचारा. कारभाऱ्याशी बोला, अंगणात बसा, मग बॅटरी लावा. मे महिन्यात काढलात तर ऑगस्टमध्येही काढा, तारीख लिहून ठेवा. शेत, बांध, झरा, जुनी झाडं नीट दिसतील असं काढा. खाली उतरलात की एखाद्या आजोबांना ते फुटेज दाखवा आणि कोणतं शेत कोणाचं, कोणत्या देवाची कोणती जागा, हे ते सांगतील ते रेकॉर्ड करा. एक प्रत ग्रामसभेला द्या. उद्या कोणी दुसऱ्या नकाशावरून त्यांना अतिक्रमणधारक म्हटलं, तर त्यांच्याकडे स्वतःचा पुरावा असेल.

मथळ्यात 'वाळवंट' ऐवजी त्या पाड्याचं नाव लिहा. नाव माहीत नसेल तर पोस्ट करायच्या आधी विचारून घ्या. सातपुड्यात विचारायला माणूस मिळतोच.