दुपटे : सुईने लिहिलेला घरचा इतिहास

आपल्या ज्ञातीतील अनेक घराण्यांच्या वंशावळी आजवर सिद्ध झाल्या आहेत. त्यांत पणजोबा, खापरपणजोबा यांची नावे क्रमाने सापडतात; परंतु आजी-पणजीचे नाव शोधू गेल्यास बहुधा जागा रिकामीच आढळते. त्या स्त्रियांना अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांचे काही उरले नाही, असे आपण सहज बोलून जातो. आमच्या अल्प मतीप्रमाणे हे अर्धसत्य आहे. आपण जातीचे शिंपी. आपल्या घरातील ज्या हातांना लेखणी मिळाली नाही, त्या हातांत सुई होती. आणि त्या सुईने त्यांनी तान्ह्या मुलांसाठी जी दुपटी शिवली, त्यांत घरचा इतिहास आहे. त्याचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे.

तुकडे जोडून वस्त्र करण्याची कला भरतखंडात फार प्राचीन आहे. संस्कृतात अशा वस्त्रास कंथा म्हणत. विनयपिटकाच्या महावग्गात अशी कथा आहे की, मगध देशातील बांधांनी आखलेली शेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला भिक्षूंची चीवरे त्याच आकृतीप्रमाणे तुकडे जोडून करविण्यास सांगितले. डोळ्यांसमोरचे शेत कापडावर उतरविण्याची ही कल्पना आजही आपल्या गोधडीच्या चौकटींत दिसते.

महाराष्ट्रात या वस्त्रास गोधडी, वाकळ अशी नावे आहेत. संतशिरोमणी नामदेव महाराज (१२७०–१३५०) हे आपल्याच कुळातले. त्यांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईची आख्यायिका सर्वश्रुत आहे. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजय' ग्रंथात ती आली आहे. पांडुरंग गडबडीने देवळात परतताना आपले पदक जनाबाईच्या घरी विसरले आणि तिची वाकळ पांघरून गेले! देवाच्या अंगावर गेलेले हे वस्त्र एका दासीच्या चिंध्यांचे होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुपटे हे गोधडीचे धाकटे भावंड. लांबी-रुंदी बाळ गुंडाळण्यापुरती आणि थरही मोजकेच. त्यासाठी जुनेच सुती कापड घेतात, कारण नव्या कापडाची खळ व ताठरपणा कोवळ्या कातडीस बोचतो. वर्षानुवर्षे धुवून मऊ झालेले नऊवारी लुगडे यास सर्वोत्तम. ते सारवलेल्या जमिनीवर सुरकुती न पडू देता पसरावयाचे, आत जीर्ण धोतराचे थर घालावयाचे, वर रंगीत तुकडे मांडावयाचे. मग कडेपासून धावदोरा घालीत चारी बाजूंनी आत आत येत मध्यावर टाका संपवावयाचा. टाके जवळजवळ असले म्हणजे थर सरकत नाहीत. शंकरपाळ्याच्या आकृती, त्रिकोण, स्वस्तिक, तुळशीवृंदावन हे नमुने सासूकडून सुनेकडे आले.

पूर्वी हातमागाचे कापड महाग, म्हणून चिंधीही कोणी टाकीत नसे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला. पुढे गिरण्या वाढल्या, स्वस्त चीट खेडोपाडी पोहोचले आणि दुपट्यांना नवे रंग आले. त्यातून आपल्या घरी कातरणांची वाण कधीच नव्हती.

परंतु कातरणे मुबलक असूनही बाळासाठी तुकडे निवडून घेतले जात. आमच्या मातुःश्रींनी आमच्या ज्येष्ठ कन्येच्या बारशासाठी शिवलेले दुपटे आमच्या संग्रही आहे. मध्यभागी आजोबांच्या तांबड्या पागोट्याचा चौकोन आहे. चारी कोपऱ्यांत मातुःश्रींच्या लग्नातील अष्टपुत्रीचे पिवळे त्रिकोण आहेत. एका कडेला खाकी कापडाचा दोन बोटांचा तुकडा आहे. तो आमच्या धाकट्या बंधूच्या शाळेच्या चड्डीचा. तो दहाव्या वर्षी विषमज्वराने गेला. मृताचे वस्त्र बाळाला लावू नये, असे शेजारणींनी सुचविले. त्यावर मातुःश्री "त्याची पुतणी आहे, त्याला कळायला नको?" एवढेच म्हणाल्या आणि पुढचा टाका घातला. त्या बंधूचे छायाचित्र आमच्या घरी नाही. त्याची खूण म्हणून तेवढा तुकडा आहे.

वंगदेशातही नक्षीदार कंथा शिवण्याची मोठी परंपरा आहे. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी अशा कंथा खेडोपाडी हिंडून गोळा केल्या. त्यांच्या संग्रहात मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने वडिलांसाठी शिवलेली कंथा आहे. तीवर तिने आपले नाव टाक्यांनीच लिहून ठेवले. म्हणून आज तिची कंथा तिच्या नावाने ओळखली जाते. आपल्या आजी-पणज्यांनी नाव घातले नाही. त्यांचे हात ओळखणारी माणसे होती तोवर त्याची गरजही भासली नाही.

आता ती माणसे थकत चालली आहेत. १९७० नंतर कृत्रिम धाग्याची पातळे घरोघरी आली. ती झिजून मऊ होत नाहीत आणि घामही टिपीत नाहीत, दुपट्यास निरुपयोगी. बाजारातील तयार दुपटी सुबक असतात, पण त्यांत घरचे कोणी नसते. शिवाय म्हातारे माणूस गेले की त्याच्या अंथरुणाबरोबर ट्रंकेतील दुपटीही बाहेर टाकली जातात. वंशावळीत नाव नाही आणि हातचे कामही गेले, मग त्या स्त्रीचे उरले काय?

यास्तव ज्ञातिबंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे. या सुट्टीत घरच्या ट्रंका उघडाव्यात. दुपटे सापडल्यास वडीलधाऱ्या स्त्रीला जवळ बसवून प्रत्येक तुकडा कोणाचा ते विचारावे व वहीत उतरवून घ्यावे. दुपटे उन्हात फार वेळ ठेवू नये. सावलीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून सुती फडक्यात बांधावे. आणि मागच्या बाजूस, कोपऱ्यात, शिवणारीचे नाव व साल चार टाक्यांत घालावे. हे काम मुलांनीही करावे. शिंप्याच्या मुलाला सुई धरण्याची लाज कसली?