स्वस्त तिकिटाचे पैसे कोण भरतं? आगबोटीपासून चिपीपर्यंत

रत्नागिरीत विमानतळाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "मुंबईचं तिकीट कितीला पडेल?" आज आपण त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. तिकीट स्वस्त मिळालं, तर उरलेले पैसे कोण भरतं?

कोकणाला स्वस्त प्रवास नवा नाही. आगबोटीच्या काळात डेकचं तिकीट काढायचं, वळकटी आपली, भाकरी आपली. बोट धक्क्याला लागत नसेल तर पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं. सोय कमी, भाडं कमी. हाच हिशेब भारतात विमानाला लागू झाला ऑगस्ट २००३ मध्ये. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने हुबळी-बंगळुरू मार्गावर छोटं एटीआर विमान सुरू केलं. त्यांची ओळख म्हणजे आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन', आणि गाजली ती एक रुपयाची तिकिटं! २००५ मध्ये स्पाइसजेट आणि मुंबईची गोएअर आली, २००६ मध्ये इंडिगो.

हे जमतं कसं? जमिनीवर उभं असलेलं विमान एक पैसाही कमवत नाही. म्हणून उतरलं की अर्ध्या तासात परत उडवायचं, दिवसभर उडवायचं. शक्यतो एकाच प्रकारची विमानं ठेवायची, म्हणजे वैमानिकांचं प्रशिक्षण आणि सुटे भाग एकाच प्रकारचे लागतात. जेवण, जास्तीची बॅग, खिडकीची सीट, सगळ्याचे पैसे वेगळे.

पण विमान दिवसभर उडवता येतं, माणूस नाही. खरी गोष्ट इथून सुरू होते.

केबिन क्रूवरचा ताण काही आजचा नाही. सरकारी एअर इंडियात एकेकाळी हवाई सुंदरींना ३५ व्या वर्षी नोकरी सोडावी लागे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं किंवा पहिल्यांदा दिवस गेले, तरी नोकरी संपली. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या. १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाची अट रद्द केली, लग्नाची मात्र कायम ठेवली. म्हणजे अर्धीच लढाई जिंकली.

वैमानिकांचं बघा. कमर्शियल लायसन्ससाठी किमान २०० तास उड्डाण लागतं. आपल्याकडे गोंदिया, बारामती, धुळे इथे मुलं ते करतात. मग एअरबससारख्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, बऱ्याचदा स्वतःच्याच खर्चाने. डोक्यावर कर्ज असलेला पोरगा "साहेब, आज मी थकलोय" असं सहज म्हणेल का?

१७ ऑगस्ट २०२३ ला नागपूर विमानतळावर पुण्याचं विमान नेणारा वैमानिक बोर्डिंग गेटजवळच कोसळला आणि वाचला नाही. त्याला नियमाप्रमाणे विश्रांती मिळाली होती, असं तेव्हा सांगण्यात आलं. त्यामुळे थेट थकव्याला दोष देता येत नाही, पण कामाच्या तासांचा विषय ऐरणीवर आला. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोन. कंपन्यांना वेळ हवा होता, म्हणून शेवटचा टप्पा लागू झाला १ नोव्हेंबर २०२५ ला. पुढच्याच महिन्यात इंडिगोला वैमानिक कमी पडले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारहून जास्त उड्डाणं रद्द! प्रवासी बॅगांवर झोपले, आणि सरकारने काय केलं? नियमच तात्पुरते सैल केले.

प्रवाशांसाठीही नियम आहेत, ते पाठच करा. विमान सहा तासांपेक्षा जास्त लेट होणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची. वेळेत न कळवता रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर प्रवासाच्या वेळेनुसार जास्तीत जास्त ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये भरपाई. मात्र मागितल्याशिवाय कोणी हातात आणून देत नाही.

आता आपल्या दाराशी या. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. उडान योजनेत अलायन्स एअर मुंबईला जायची. ठरावीक सीटचं भाडं मर्यादित, तुटीचा भार सरकारवर, मुदत तीन वर्षं. मुदत संपली आणि २०२४ मध्ये ती मुंबई सेवाही थांबली. म्हणजे तिथे स्वस्त तिकिटाचे उरलेले पैसे सरकार भरत होतं.

तर मंडळी, उरलेले पैसे कोणीतरी भरतंच. कधी सरकार, कधी कंपनी (किंगफिशर २०१२ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली), आणि बऱ्याचदा कॉकपिटमधला माणूस, आपल्या झोपेतून. उद्या रत्नागिरीहून विमान उडालं तर तिकीट जरूर स्वस्त मागू. पण चालवणाऱ्याची झोप पुरी झाली आहे का, हेही विचारू. कारण त्या विमानात आपणच बसणार आहोत.