प्राण्यांच्या मदतीने उपचार: या विषयात करिअर होते का?

"मुलीला प्राण्यांची आवड आहे, पण जनावरांची डॉक्टर व्हायचं नाही म्हणते. दुसरं काय करता येईल?" हिंगणघाटच्या माझ्या दवाखान्यात तपासणी झाली की पालक हेही विचारून घेतात.

माणूस आणि प्राणी यांच्या नात्याचा आरोग्याशी असलेला संबंध हा विद्यापीठात अभ्यासला जाणारा विषय आहे. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांचा कुत्रा जिंगल्स जवळ असला की अबोल मुले बोलू लागत. त्यावर त्यांनी १९६२ मध्ये लेख लिहिला. १९८० मध्ये एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी ९२ हृदयरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाळीव प्राणी असलेल्या ५३ पैकी ३, तर नसलेल्या ३९ पैकी ११ रुग्ण वर्षभरात दगावले होते. (म्हणून गोळ्या बंद करून कुत्रा आणू नका! नंतरच्या सगळ्या अभ्यासांत असा फायदा दिसलेला नाही.)

घरी कुत्रा पाळणे म्हणजे उपचार नव्हे. पक्षाघातानंतर रुग्ण कुत्र्याला ब्रश करतो, तेव्हा कोणत्या हाताने आणि किती वेळ, हे फिजिओथेरपिस्ट ठरवतो व नोंद ठेवतो. कुत्रा शांत स्वभावाचा, प्रशिक्षित आणि लसीकरण झालेलाच हवा. रस्त्यावरच्या कुत्र्यावर हा प्रयोग कधीही करू नका. कुत्रा चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

महाराष्ट्रात हे काम ॲनिमल एंजल्स फाउंडेशन करते. संस्थापक मिनल कविश्वर मुळात मानसशास्त्रज्ञ आहेत, हे लक्षात घ्या. आधी मूळ पदवी, मग हा विषय. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. फिजिओथेरपी किंवा नर्सिंगमधूनही इकडे येता येते. मन बदलले तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. तिथे प्रवेश 'नीट'मधून होतो. केवळ दोन-चार दिवसांच्या प्रमाणपत्रासाठी मोठी फी भरू नका. तेवढ्यावर कोणी थेरपिस्ट होत नाही.

संशोधनाला विषय आपल्या गोठ्यातही आहेत. बैलजोडी विकल्यापासून झोप लागत नाही, असे सांगणारे शेतकरी माझ्याकडे येतात. मी रक्तदाब तपासतो, झोपेची, भुकेची, मनातल्या विचारांची चौकशी करतो, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. पण गोठा रिकामा झाल्यावर माणसाचे नेमके काय होते, हे मोजणारे कोणीतरी मला हवे आहे. ते तुमच्या मुलीने केले तर फार बरे होईल.