मनगटावरचं घड्याळ आधी बाईचं होतं

आजची गोष्ट गटाच्या बैठकीतूनच आली आहे.

गेल्या महिन्यात हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या आणि आमच्या गटातल्या एका काकूंनी रुमालाची गाठ सोडली. आत एक जुनं घड्याळ होतं. चावीचं, एच.एम.टी.चं, तबकडीवर ‘जनता’ असं लिहिलेलं. काच पिवळी पडली होती आणि पट्ट्याचे दोन तुकडे झाले होते. चावी दिली तर टिकटिक चालू!

काकू म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंचं आहे. त्या नर्सबाई होत्या. आता माझी पोरगी नर्सिंगला गेलीय, आजीचं घड्याळ तिला द्यायचंय. पट्टा घालायला दुकानात नेलं तर तिथला माणूस म्हणाला, हे पुरुषाचं घड्याळ, पोरीला कशाला? जपून कपाटात ठेवा, तिला नवीन घ्या.”

काकू गप्प बसून परत आल्या. पण त्यांच्या मनात ते लागलं होतं. मनगटावरचं घड्याळ पुरुषाचं, हे कधी ठरलं आणि कुणी ठरवलं? आज तेवढंच बघू. मग पट्ट्याचंही बोलू.

दोनशे वर्षांपूर्वी युरोपातले पुरुष घड्याळ मनगटावर बांधत नसत. त्यांचं घड्याळ साखळीला अडकवून खिशात असे. हातावर घड्याळ बांधायच्या त्या बायका, कारण त्यांच्या कपड्यांना तसे खिसे नसत आणि हातातल्या दागिन्यात घड्याळ बसवता येई. इटलीतल्या नेपल्सची राणी कॅरोलिन ही नेपोलियन बादशहाची बहीण. तिने १८१० मध्ये पॅरिसचा कारागीर ब्रेगे याच्याकडे मनगटावरच्या घड्याळाची मागणी नोंदवली. ते १८१२ मध्ये तयार झालं. त्याचा पट्टा कशाचा होता माहीत आहे? केसांचा! केस आणि सोन्याची तार एकत्र विणून केलेला. आपण वेणी घालतो, तसाच प्रकार म्हणा. ते घड्याळ आज कुणाकडेच सापडत नाही. पण कारागिराच्या वहीत त्याची नोंद राहिली, म्हणून आपल्याला ते कळतं. वहीतली नोंद किती कामाची असते, हे बचत गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

पुढे १८६८ मध्ये स्वित्झर्लंडच्या पाटेक फिलिप कंपनीने हंगेरीतल्या एका सरदार घराण्यातल्या बाईसाठी असंच घड्याळ केलं. म्हणजे शंभर वर्षं मनगटावरचं घड्याळ हा बाईचा दागिना होता. पुरुषाने ते घातलं तर लोक हसायचे. बांगडी भरल्यासारखं दिसतं म्हणायचे.

मग हे बदललं कशाने? लढाईने. दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०२ या काळात बोअर युद्ध झालं. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात घोड्याचा लगाम, अशा वेळी खिशातून घड्याळ काढणार कसं? शिपायांनी चामड्याची वाटीसारखी खोबण असलेला पट्टा घेतला, त्यात खिशातलं घड्याळ बसवलं आणि मनगटावर बांधलं. १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. त्यात तोफा अमुक मिनिटाला थांबणार, शिपाई अमुक मिनिटाला खंदकातून बाहेर पडणार, असं सगळं घड्याळावर ठरायचं. मग कारखान्यांनी घड्याळालाच तारेच्या कड्या डाखून मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली, म्हणजे पट्टा थेट ओवता यावा. लढाई संपली. शिपाई घड्याळं हातावर बांधूनच घरी आले. आता कोण हसणार? बाईचा दागिना पुरुषाची शान झाला. कमी काय झालं, तर बायकांच्या वाट्याला आलेल्या घड्याळाचा आकार!

आपल्याकडेही घड्याळ मोठ्या माणसाची वस्तू होती. गांधीजींचं घड्याळ तर खिशातल्यासारखंच, दोरीने कमरेला अडकवलेलं, हे आपण फोटोत पाहिलंय. साध्या माणसाच्या हातावर घड्याळ आलं ते १९६१ नंतर. त्या वर्षी सरकारच्या एच.एम.टी. कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूला घड्याळाचा कारखाना काढला. घड्याळाचे बारीक भाग जुळवण्याच्या कामाला तिथे पुष्कळ बायका होत्या. पुरुषांसाठी ‘जनता’ आणि बायकांसाठी नाजूक ‘सुजाता’ अशी घड्याळं बाजारात आली.

आणखी एक गोष्ट त्याच १९६१ सालची. हुंडाबंदीचा कायदा त्याच वर्षी झाला. पण लग्नाच्या याद्या आठवा. सायकल, रेडिओ आणि नवरदेवाला घड्याळ! कायदा आला तरी घड्याळ ‘मानपान’ म्हणून चालूच राहिलं. किती बापांनी कर्ज काढून जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधलं असेल, आणि ज्या लेकीसाठी ते दिलं, तिच्या हाताला मात्र नुसत्या बांगड्या.

काकूंच्या सासूबाईंनी घड्याळ घेतलं ते स्वतःच्या पगारातून. आणि जाणूनबुजून पुरुषाचं घेतलं. का? तर बायकांच्या घड्याळाची तबकडी पावलीएवढी, आणि त्यात बरेचदा सेकंदकाटाच नसे. नर्सबाईला सेकंदकाट्याशिवाय चालत नाही. नाडी मोजायची, बाळाचे श्वास मोजायचे. आपल्या आशाताई आजही सांगतात ना, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, ६० किंवा जास्त भरले तर धोक्याची खूण समजा आणि लगेच दवाखाना गाठा. तो मिनिट मोजायला घड्याळ लागतं. कंदिलाच्या उजेडात, चटकन दिसणारं. आमच्या गावातल्या कितीतरी जणांची जन्मवेळ ह्याच घड्याळावर पाहिलेली आहे. आता सांगा, हे घड्याळ पुरुषाचं कसं?

आता पट्ट्याकडे येऊ. तुमच्याही घरात डब्यात एखादं जुनं घड्याळ पडलेलं असेल, म्हणून नीट ऐका.

पहिलं काम, माप. घड्याळाला वर दोन आणि खाली दोन पाय असतात, त्यांच्यामध्ये पट्टा बसतो. दोन पायांमधलं आतलं अंतर मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. पुरुषी घड्याळात ते बहुतेक १६, १८ किंवा २० भरतं, बायकांच्या घड्याळात १० ते १४. काकूंचं १८ भरलं. रुंद पट्टा दाबून बसवला तर कडेने चुरगळतो. अरुंद पट्टा सरकत राहतो आणि पिनेवर ताण येतो.

दुसरं काम, पिन बघा. आजकालच्या पिनेत आत स्प्रिंग असते, टोक दाबलं की ती निघते. पण फार जुन्या घड्याळात तार डाखलेली असते, ती निघतच नाही. कुणी पकडीने तोडू म्हणाला तर तोडू देऊ नका. अशा घड्याळाला तारेखालून ओवायचा पट्टा मिळतो.

तिसरं, पट्टा कशाचा हवा? हे घालणारीच्या कामावर ठरवा. चामडं हाताला मऊ आणि जुन्या घड्याळाला शोभतं, पण त्याला घाम आणि पाणी सोसत नाही. भांडी, धुणं, भांगलण असेल तर ते लवकर कुजतं. कधीमधी घालायचं असेल तर चामडंच घ्या, पण पातळ घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं आपल्या कोल्हापुरी चपलेला वापरतात. तसं चामडं हाताशी असलेला चर्मकार कारागीर असेल, तर मापाचा पट्टा शिवून देतो का, विचारून बघा. पट्टा मोठा होत असेल तर जादा भोकही त्याच्याच आरीने पाडून घ्या. घरी तापलेल्या खिळ्याने पाडलं तर चामडं जळतं.

स्टीलची साखळी टिकते, पण ती जड. अनेक जुन्या घड्याळांची डबी पितळेची असून वर नुसता क्रोमचा मुलामा असतो. साखळी घासून घासून तो उडतो. ताणली जाणारी स्प्रिंगची साखळी तर हातावरचे केसही ओढते.

तिसरा प्रकार नायलॉनच्या एकसंध पट्टीचा. १९७३ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याने आपल्या सैन्यासाठी ही पट्टी ठरवून दिली. ती एका बाजूने ओवली की घड्याळाच्या पोटाखालून दुसऱ्या बाजूला निघते. एक पिन तुटली तरी घड्याळ खाली पडत नाही. साबणाने धुता येते, उन्हात वाळते.

जाता जाता एक सांगते. साखळीच्या कड्या जुळवण्याचं काम बचत गटांनीही केलं आहे. तमिळनाडूत होसूरला टायटन कंपनीचा कारखाना आहे. १९९० च्या दशकात मायराडा या संस्थेच्या पुढाकाराने तिथल्या खेड्यांतल्या बायका एकत्र आल्या आणि टायटनच्या घड्याळांच्या साखळ्या जुळवू लागल्या. ज्या हातांना घड्याळ मिळत नव्हतं, त्या हातांनी दुसऱ्यांच्या मनगटासाठी पट्टे केले आणि त्याची मजुरी आपल्या नावावर घेतली.

तर काकूंनी काय घेतलं? लेकीला फोन लावला. ती म्हणाली, “वॉर्डात मनगटावर काहीच घालू देत नाहीत, हात कोपरापर्यंत धुवावे लागतात. पण मला ते रोज जवळ हवंय.” मग निळी नायलॉनची पट्टी घेतली. वॉर्डात घड्याळ खिशात, बाहेर आलं की मनगटावर. पट्टी धुता येते, म्हणून काळजी नाही. काकूंनी पुन्हा त्याच दुकानात जाऊन, माप सांगून, ती मागून घेतली. दुकानदाराने काही न बोलता काढून दिली.

एच.एम.टी.ची घड्याळांची उपकंपनी बंद करायचं सरकारने २०१६ मध्ये ठरवलं. जी जुनी घड्याळं आहेत, ती आपल्यालाच सांभाळायची आहेत. नवी काच घाला, नवा पट्टा घाला, घड्याळजीकडून एकदा तेल-सफाई करून घ्या. पण तबकडीवर नवा रंग चढवू नका, जुनी खूण पुसली जाते.

आणि जुना पट्टाही फेकू नका. काकूंनी तो एका डबीत ठेवला आणि सोबत चिठ्ठी ठेवली. घड्याळ कुणाचं, कुणी कशाच्या पैशाने घेतलं, पट्टा कधी बदलला, ते सगळं लिहिलं. नेपल्सच्या राणीचं घड्याळ हरवलं, पण नोंद राहिली. आपल्या सासू-आयांची घड्याळं आहेत, नोंद मात्र कुणी केलेली नाही. ती तेवढी करा.

पुढच्या बैठकीला येताना घरातला डबा उघडून बघा, काय सापडतं ते सांगा.